बटण दाबण्यापूर्वी : रेडिओग्राफरच्या पदवी-शिक्षणाविषयी

आपल्या डॉक्टर मंडळाच्या स्मरणिकेत नवी औषधे, नव्या शस्त्रक्रिया आणि नवी यंत्रे यांविषयी माहितीपूर्ण लेख येत असतात. या वर्षी क्ष-किरण विभागाविषयी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. यंत्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून ती यंत्रे चालवणाऱ्या माणसाविषयी आणि त्याच्या शिक्षणाविषयी लिहिण्याचे मी ठरवले.

त्याला दोन निमित्ते आहेत. बारावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगड भागातील पालक मला विचारू लागतात, "मेडिकलला नंबर लागला नाही. मुलीला रेडिओग्राफीच्या डिग्रीला घालू का? त्यात शिकायचे तरी काय असते?" दुसरे निमित्त आपल्याच व्यवसायबंधूंचे. "दोन महिन्यांत कोणीही मुलगा तयार होतो, बटण दाबायला पदवी कशाला हवी?" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. पालकांच्या आणि डॉक्टरांच्या या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. बटण दाबण्याचे काम क्षणार्धाचे आहे. परंतु ते दाबण्यापूर्वी जे निर्णय घ्यावे लागतात, ते शिकण्यास चार वर्षे लागतात. पदवी त्या निर्णयांसाठी आहे.

नाव आणि काम

प्रथम नावांचा घोळ दूर करू. एमबीबीएसनंतर क्ष-किरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन प्रतिमा वाचणारा आणि अहवाल देणारा डॉक्टर तो रेडिओलॉजिस्ट. ती प्रतिमा तयार करणारा तो रेडिओग्राफर. कागदोपत्री त्याला कोठे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणतात, कोठे इमेजिंग टेक्नॉलॉजिस्ट. गावात मात्र तो 'एक्स-रेवाला' असतो. मी गेली अनेक वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करीत असून पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवतही आहे. या अनुभवावरून सांगतो, की माझ्या अहवालाची मर्यादा रेडिओग्राफरच्या हातात असते. जे प्रतिमेत आलेच नाही, ते मी कितीही ज्ञानी असलो तरी वाचू शकत नाही.

विल्हेल्म राँटजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतरची काही वर्षे हे किरण कोणीही, कसेही हाताळीत असे. एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली या प्रयोगांत हात गमावून १९०४ मध्ये मरण पावला. जर्मनीतच हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये क्ष-किरणांना बळी पडलेल्यांचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती. या कामाला शास्त्रशुद्ध शिक्षण हवे, ही जाणीव अशी फार मोठी किंमत मोजून आली. पुढे १९३९ मध्ये कॅथलीन क्लार्क या इंग्लंडमधील रेडिओग्राफर महिलेने रुग्णाच्या मांडणीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही विद्यार्थ्यांच्या हाती असतात. डॉक्टरांनीही आदराने चाळावा असा हा ग्रंथ एका रेडिओग्राफरने लिहिला आहे, हे मी पहिल्या तासाला मुद्दाम सांगतो.

अभ्यासक्रमाची रचना

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला या पदवीसाठी प्रवेश मिळतो. सर्वसाधारण रचना तीन वर्षे अध्ययन आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी आहे. प्रारंभी शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्राची तोंडओळख आणि प्रारणांचे भौतिकशास्त्र. मग क्ष-किरण तंत्र, बेरियम व अन्य कॉन्ट्रास्ट तपासण्या आणि यंत्रांची रचना. त्यानंतर सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी, अँजिओग्राफी कक्षातील काम, गुणवत्ता-चाचण्या आणि प्रारण-संरक्षण, असा क्रम असतो. महाविद्यालयागणिक विषयांची नावे आणि सत्रे थोडी बदलतात.

आमच्या सीमाभागातील पुष्कळ विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. पहिल्या वर्षीचे इंग्रजी भौतिकशास्त्र त्यांना जड जाते आणि काही जण तेथेच खचतात. त्यांना मी घरातल्या उदाहरणांनी समजावतो. नळातून बादलीत किती पाणी पडले, हे एमएएस. ते किती जोराने आले, हा केव्हीपी. पाणी वाढवले तर किरणांची संख्या वाढते. जोर वाढवला तर ते जाड मांसल भागातून पार जातात, पण चित्रातला काळ्या-पांढऱ्याचा ठसठशीतपणा कमी होतो. केव्हीपी साधारण १५ टक्के वाढवला, तर प्रतिमेवर एमएएस दुप्पट केल्याइतका परिणाम होतो. चुलीपासून मागे सरकले की धग झपाट्याने कमी होते. क्ष-किरणांचेही तसेच: उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, की तीव्रता एक चतुर्थांश होते. हा व्यस्त वर्गाचा नियम ज्याला उमगला, तो फिरत्या यंत्राने वॉर्डात एक्स-रे काढताना दोन पावले मागे का जायचे, हे कधीही विसरत नाही.

मांडणीचा धडा

छातीचा साधा एक्स-रे उदाहरणादाखल घेऊ. रुग्ण उभा, छाती पटलाला टेकलेली, किरण पाठीकडून येणारे, नळीचे अंतर १८० सेंटिमीटर. हे अंतर का? जवळून घेतल्यास हृदयाची सावली मोठी पडते. खांदे पुढे का वळवायचे? पाठीमागची फऱ्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला व्हावीत म्हणून. पूर्ण श्वास का? अर्धवट श्वासात फुप्फुसाचा तळ दाटलेला दिसतो आणि नसलेला न्यूमोनिया दिसू लागतो. चित्र आल्यावर विद्यार्थ्याने पाठीकडच्या बरगड्या मोजायच्या; पडद्याच्या वर दहा दिसल्या तर श्वास पुरेसा. गळ्याखालच्या दोन आडव्या हाडांची आतली टोके मणक्याच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर असली, तर रुग्ण तिरका नव्हता. झोपवून पुढून काढलेल्या चित्रात हृदय मोठेच दिसणार. म्हणून त्यावर तशी नोंद केलीच पाहिजे. ती नोंद नसेल तर निरोगी माणसाच्या हृदयाची चौकशी सुरू होते, इकोचा खर्च होतो, घरचे धास्तावतात.

हाडांच्या बाबतीत दोन नियम पाठच करावे लागतात: एकमेकांशी काटकोनात असलेली दोन चित्रे, आणि लांब हाड मोडले असेल तर वरचा व खालचा सांधा. मनगटातील स्कॅफॉईड या छोट्या हाडासाठी हात करंगळीच्या बाजूला वळवून वेगळे चित्र घ्यावे लागते. तरीही ताजी भेग कधी दिसत नाही आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहावे लागते. पोटात आतडे फुटल्याची शंका असेल तर रुग्णाला काही मिनिटे उभे किंवा बसते ठेवून मगच चित्र घ्यायचे, म्हणजे मोकळी हवा पडद्याखाली चढते. उठवता येत नसेल तर डाव्या कुशीवर निजवून. चिठ्ठीवर हे काहीच लिहिलेले नसते. तेथे फक्त 'एक्स-रे ॲब्डोमेन' असते.

डिजिटल यंत्राचा भुलावा

फिल्मच्या काळात किरणांची मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडे. डार्करूममधून बाहेर येताच चूक साऱ्या विभागाला दिसत असे. आताची डिजिटल यंत्रे ती चूक झाकतात. मात्रा कमी पडली तर चित्र रवाळ दिसते आणि डॉक्टर तक्रार करतो. मात्रा दुप्पट-तिप्पट झाली तर संगणक चित्र सावरून घेतो, ते उलट अधिक गुळगुळीत दिसते आणि सगळे खूश होतात. कोणीच तक्रार करीत नसल्याने मात्रा हळूहळू चढत जाते. हे केवळ एक्स्पोजर इंडेक्स नावाच्या आकड्यावरून कळते, आणि तो आकडा वाचण्याचे शिक्षण ज्याला मिळाले आहे, त्यालाच कळते. म्हणून 'आता सगळे संगणकच करतो, शिकलेला माणूस नको' हा युक्तिवाद मला उफराटा वाटतो. यंत्र जितके हुशार, तितका शिकलेला माणूस अधिक हवा.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून काही आकडे देतो. छातीच्या एका एक्स-रेची परिणामी मात्रा सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट असते. पोटाच्या सीटीची साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. छातीच्या एक्स-रेला घाबरण्याचे कारण नाही, परंतु सीटीची चिठ्ठी सहज लिहिण्याजोगी नाही, एवढे यातून समजावे.

हे शास्त्र स्थिरही नाही. रुग्णाच्या जननेंद्रियांवर शिशाचे आवरण ठेवावे, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ही सरसकट पद्धत थांबवावी, असे मत दिले. कारण आवरणाने संरक्षण फारसे मिळत नाही, उलट हवा तो भाग झाकला जाऊ शकतो आणि यंत्राची स्वयंचलित मात्रा वाढू शकते. 'असे करतात' एवढेच शिकलेला मुलगा येथे अडतो. 'असे का करतात' हे शिकलेला आपली पद्धत बदलू शकतो.

रुग्णाशी बोलणे

आमच्या विभागात सकाळच्या एका तासात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. 'श्वास घ्या, धरून ठेवा' हे वाक्य रुग्णाला कळले नाही तर उत्तम यंत्रही निरुपयोगी. म्हणून 'उसिरु हिडकोळ्ळी' हे मराठी मुलांनी आणि 'श्वास धरा' हे कन्नड मुलांनी शिकलेच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

याहून अवघड भाषा आणखी वेगळी असते. कंबरदुखीसाठी पाठवलेली नवविवाहित मुलगी सासूबरोबर आलेली असते. पाळी चुकली आहे का, हे विचारल्याशिवाय कमरेचा एक्स-रे काढता येत नाही. आणि सासूसमोर ती खरे बोलेलच असे नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने सासूबाईंना, "आजी, पावतीवर शिक्का राहिलाय, तेवढा काउंटरवर मारून आणता का?" असे म्हणून बाहेर पाठवले आणि मग प्रश्न विचारला. उत्तर ऐकून तिने एक्स-रे थांबवला आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. हे कौशल्य कोणत्याही यंत्राच्या पुस्तिकेत नसते.

एमआरआय कक्षात तर 'नाही' म्हणता येणे हाच शिक्षणाचा गाभा आहे. तेथील चुंबक रात्रंदिवस चालू असतो; तपासणी सुरू नसली तरी त्याची ओढ तशीच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक चुंबकाकडे ओढला गेला आणि मरण पावला. दारात उभे राहून, समोर कोणीही असो, त्याला अडवण्याचा अधिकार आणि धीर रेडिओग्राफरकडे असला पाहिजे.

एका रात्रीचे उदाहरण

इंटर्नशिपमधील एका मुलीच्या रात्रपाळीत झाडावरून पडलेला एक शेतमजूर आला. चिठ्ठीवर मानेचा एक्स-रे मागितला होता. सोबतचे लोक घाईत होते. मानेची पट्टी काढून त्याला बसवावे, म्हणजे लवकर होईल, असे त्यांचे म्हणणे. तिने पट्टीला हात लावू दिला नाही. रुग्ण जसा निजला होता तसाच ठेवून तिने बाजूने आडवा किरण देऊन चित्र घेतले. चित्र स्वच्छ होते, आणि अननुभवी डोळ्याला पूर्णही वाटले असते. तिने मणके मोजले. सहावा दिसत होता. सातवा खांद्यांच्या सावलीत लपला होता. मानेचे चित्र सातव्या मणक्याच्या खाली, पहिल्या पाठीच्या मणक्याच्या सांध्यापर्यंत आले पाहिजे, हा नियम तिने दुसऱ्या वर्षी पाठ केला होता. तिने चिठ्ठीवर 'सातवा मणका दिसत नाही' असे लिहिले, कामावरील डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगितले आणि तोवर रुग्णाला हलवू दिले नाही. डॉक्टरांनी सीटी सांगितले. सहाव्या-सातव्या मणक्यांमधला सांधा निखळलेला होता. हातापायांतली शक्ती शाबूत होती. शस्त्रक्रियेनंतर तो मनुष्य आपल्या पायांनी घरी गेला.

निदान करणे तिचे काम नव्हते आणि तिने ते केलेही नाही. जे दिसले नाही ते दिसले नाही, असे सांगणे तिचे काम होते. दोन महिन्यांत तयार झालेला मुलगा चित्र काढतो. चित्रात काय आलेले नाही, हे ओळखण्यासाठी काय यायला हवे होते ते आधी माहीत असावे लागते.

कायदा आणि मर्यादा

आपल्या देशात क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे; हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि प्रारण-संरक्षणाचे सध्याचे नियम २००४ चे आहेत. काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. ही सरासरी पाच वर्षांची धरतात आणि कोणत्याही एका वर्षात ३० ओलांडता येत नाहीत. त्याची मोजणी टीएलडी बिल्ल्याने होते. तो छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा असतो. काही ठिकाणी हे बिल्ले खोलीच्या खुंटीवर टांगलेले दिसतात. ते खुंटीला मिळालेले प्रारण मोजतात.

संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात रेडिओलॉजी, इमेजिंग आणि उपचारात्मक तंत्रज्ञान यांतील व्यावसायिकांना स्वतंत्र स्थान मिळाले असून, आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवण्यासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेली, किमान ३,६०० तासांची पदवी अपेक्षित आहे. नोंदणीची तरतूदही त्यात आहे. ज्यांना आजवर 'टेक्निशियन' म्हणून नावाशिवाय हाक मारली गेली, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ही पदवी घेऊन अहवाल देता येत नाही. सोनोग्राफीचे केंद्रही चालवता येत नाही. गर्भवतीची सोनोग्राफी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार पात्र डॉक्टरानेच करावयाची असते. ब्रिटनमध्ये 'रेडिओग्राफर' ही संज्ञा कायद्याने संरक्षित आहे आणि पुढील शिक्षण घेतलेले काही रेडिओग्राफर अहवालही देतात. तेथील गोष्टी ऐकून येथे तसेच असेल, असे कोणी समजू नये.

पालकांसाठी आणि आपल्यासाठी

पालकांना माझे सांगणे असे. महाविद्यालयाची इमारत पाहू नका, रुग्णालय पाहा. तेथे दिवसाला किती एक्स-रे होतात, सीटी व एमआरआय त्याच आवारात आहेत का, विद्यार्थ्याला अपघात विभागात रात्रपाळी मिळते का, विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाचा टीएलडी बिल्ला देतात का, हे विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि तिला मान्यता कोणाची, हे कागदावर पाहा. काही संस्था रुग्णालयाशिवाय हा अभ्यासक्रम चालवतात. तेथील मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो, पण मोडलेला हात न दुखवता कसा वळवायचा, हे त्याला ठाऊक नसते. आणि हा अभ्यासक्रम 'मेडिकल हुकले म्हणून' निवडू नका. तसा मनात सल घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी रमत नाही. ज्याला भौतिकशास्त्र आवडते आणि माणसाला हात लावताना संकोच वाटत नाही, त्याला हे क्षेत्र लाभते.

आपल्या डॉक्टरबंधूभगिनींना तीन विनंत्या. चिठ्ठीवर केवळ अवयवाचे नाव न लिहिता काय शंका आहे, ते एका ओळीत लिहावे. चांगला रेडिओग्राफर त्या ओळीवरून मांडणी ठरवतो. स्वतःच्या दवाखान्यात यंत्र असेल तर ते चालवणाऱ्याचे शिक्षण काय, याची चौकशी करावी आणि शिकलेल्याला त्याच्या शिक्षणाला साजेसा पगार द्यावा. न पेक्षा आपली मुले शिकून पुणे-बंगळूरला किंवा आखातात जाणार आणि आपल्या रुग्णांच्या वाट्याला पुन्हा दोन महिन्यांत तयार झालेला मुलगा येणार. तिसरी विनंती मंडळाला आहे. ८ नोव्हेंबर हा दिवस जगभर रेडिओग्राफीचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी, किंवा त्याला लागून येणाऱ्या रविवारी, आपल्यापैकी ज्यांच्याकडे क्ष-किरण विभाग आहे त्यांनी तो परिसरातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना दाखवावा आणि माहिती आपण डॉक्टरांनी न सांगता तेथील रेडिओग्राफरने सांगावी. मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलण्याची आणि पहिल्या वर्षी आपला विभाग खुला ठेवण्याची जबाबदारी मी घेतो.